तेरा तुकड्यांचे चार वाटे

‘कोळ्याच्या पोरीची गोष्ट आमच्या केंद्रात इतक्या वेळा सांगितली गेली की तिची पोथी झाली. वस्तुतः तीत शास्त्र काहीही नव्हते. बाई मासे खाणाऱ्या घरातल्या होत्या. कोळीण मासळीचे वाटे कसे लावते हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. समोर वाटे दिसले आणि त्यांनी ते ओळखले. त्यांच्या जागी बाजारात जाणारी कोणतीही गृहिणी असती तरी हेच घडले असते. याला योगायोग म्हणतात, प्रशिक्षण म्हणत नाहीत.’

हा मजकूर माझ्या एका वर्गबंधूने आमच्या जुन्या केंद्राच्या स्मरणिकेत लिहिला आहे. तो पुढे या व्यवसायात मोठा झाला, समित्यांवर बसला, सभांचा अध्यक्ष झाला. त्याचे लिहिलेले लोक खरे मानतात. मला मात्र ते खरे मानणे शक्य नाही, कारण ज्या खोलीत ते घडले त्या खोलीत मी होतो आणि तो नव्हता. तो दारापर्यंत आला होता, एवढे मी मान्य करतो. बाई मासे खाणाऱ्या घरातल्या होत्या हेही मान्य. अंधेरीला त्यांचे माहेर होते आणि तेथे मासे शिजत. जे खरे आहे ते नाकारून वाद जिंकण्याची मला गरज नाही.

आधी प्रशिक्षण कशाला म्हणत, ते सांगितले पाहिजे. माहुलच्या बाजूला तेलाच्या कारखान्यांची कामे नुकतीच निघाली होती, त्या काळची ही गोष्ट. आम्ही चौघे मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुस्तके विलायतेची, उदाहरणे विलायतेची. माणूस मात्र एकही पाहिलेला नव्हता. मनाच्या दुखण्यावर कोणी नोकरी करून पोट भरील, ही कल्पनाच लोकांना मानवत नसे. मुलुंडला आमच्या शेजारचे एक काका मला जिन्यात अडवून विचारत, “म्हणजे शिकून तू होणार कोण रे? डॉक्टर?”

“नाही, काका.”

“मग मास्तर?”

“नाही.”

“अरे, मग लग्नाच्या पत्रिकेत लिहायचं काय तुझ्या नावापुढे?”

मला उत्तर येत नसे, आणि ते येत नाही याचा राग येई. म्हणूनच घाटकोपरच्या एका धर्मादाय दवाखान्यामागे मुलांच्या मानसिक अडचणींसाठी केंद्र निघाले आणि आम्हा चौघांना आठवड्यातून तीन दिवस तेथे पाठवायचे ठरले, तेव्हा मी मनातल्या मनात गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवून मोकळा झालो होतो. प्रत्यक्षात तेथे दोन खोल्या आणि एक पडवी होती. पूर्वी तेथे औषधांची खोकी ठेवीत. भिंतींना टिंक्चरचा वास कायमचा बसला होता. केंद्राच्या प्रमुख आमच्या बाई. पन्नाशीच्या आतबाहेर वय, पांढरे सुती पातळ, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावे लागे. वाकल्यावर कळे की त्या बोलत नसून विचारत आहेत.

पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला खोलीत पाऊल ठेवू दिले नाही. पडवीत बसायचे, आईबरोबर आलेली मुले पाहायची, जवळ वही किंवा पेन्सिल ठेवायची नाही आणि संध्याकाळी जे पाहिले ते सांगायचे. माझ्या वर्गबंधूच्या लेखात या पंधरा दिवसांना ‘वेळकाढूपणा’ म्हटले आहे. तो म्हणतो तो वेळ कसा जाई, ते ऐका.

“आज काय पाहिलंत?” बाई विचारीत. त्या आम्हाला अहो-जाहो करीत, आणि त्या वयात ते फार जड जाई.

“एक हट्टी मुलगा आला होता, बाई.”

“हट्ट कुठे होता?”

“म्हणजे?”

“तुम्ही पाहिलात ना? मग कुठे होता? हातात? मानेत?”

“त्याने आईचा पदर सोडला नाही, बाई.”

“हां. हे पाहिलंत. हट्टी तुम्ही मागाहून चिकटवलंत.”

वर्गबंधू परतताना पाय आपटीत म्हणे, “यार, ही बाई विशेषणांची वैरीण आहे. एम.ए. करतोय की पंच म्हणून साक्ष द्यायला शिकतोय?” मी हसत असे. मलाही तेच वाटे. हे मी लपवीत नाही.

अहवालाचाही त्यांचा एक नियम होता. एकदा लिहिलेले खोडायचे नाही, फाडायचे नाही. चूक कळली तर तिच्याखाली दुसरे लिहायचे आणि त्याखाली तिसऱ्या ओळीत, या दोहोंच्या मध्ये आपण काय पाहिले, ते लिहायचे. माझा अहवाल बाईंनी फाडून माझ्या अंगावर फेकला, अशी एक हकीकत दुसरे एक गृहस्थ समारंभांतून सांगत असतात. त्यांना हा नियमच ठाऊक नाही, यावरून ते केंद्रात किती आले असतील ते ओळखावे.

आता ती मुलगी. नऊ वर्षांची, माहुलच्या कोळीवाड्यातली. आई घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायला बसे, म्हणून मुलीला जवळच्याच एका शाळेत घातले होते. शाळेत गेल्यापासून, म्हणजे सात-आठ महिने, तिने तेथे एक अक्षर उच्चारले नव्हते. मुख्याध्यापकांनी चिठ्ठी दिली होती: मुलगी मंदबुद्धी दिसते, केंद्राने तसे लिहून द्यावे, म्हणजे नाव पटावरून कमी करून तिला अशा मुलांच्या संस्थेत पाठवण्याची शिफारस करता येईल. चिठ्ठी सभ्य होती. तिच्यात एका मुलीचे आयुष्य संपवलेले होते.

आईने टोपली दवाखान्याच्या फाटकाबाहेर ठेवली होती आणि ती पडवीच्या पायरीवरच उभी होती. “बाय, माजी पोर येरी नाय गो,” ती म्हणत होती. “घरा नुस्ती बरबर करतं. सालंन गेली का तोंड बंद.” मुलगी वेडी नाही, घरी बडबड करते, शाळेत गेली की तोंड मिटते, एवढेच ती प्रत्येकाला सांगत होती. मलाही तिने दोनदा सांगितले. मी मान डोलावली. मला चाचणीची घाई होती, कारण स्वतंत्रपणे घ्यायची ती माझी पहिली चाचणी होती.

चाचणी अशी की टेबलावर एक लाकडी फळी ठेवायची. तिला निरनिराळ्या आकारांची तेरा भोके. त्यांत नेमके बसणारे तेरा तुकडे बाजूला मांडायचे. काही मोठे, काही मध्यम, काही लहान. मूल ते भोकांत बसवते आणि आपण घड्याळ लावून वेळ मोजतो. न बोलणाऱ्या मुलाला सूचना हातांनी द्यायची: तुकड्यांवरून तळवा फिरवायचा आणि फळीकडे न्यायचा. हसायचे नाही, मदत करायची नाही, बोलायचे नाही. हे सारे मी पुस्तकाबरहुकूम केले. इतकी शुद्ध चाचणी त्या केंद्रात दुसऱ्या कोणी घेतली नसेल.

मुलीने माझ्या हाताकडे पाहिले. मग तिने फळी उचलली, पालथी केली, भोके खाली गेली आणि वर सपाट लाकूड आले. त्यावर ती तुकडे ठेवू लागली. एक इकडे, एक तिकडे, पुन्हा एक उचलून दुसरीकडे. मी घड्याळाकडे पाहत होतो. ठरलेला वेळ संपला तेव्हा एकही तुकडा भोकात नव्हता. मी लिहिले: गुण शून्य. सूचना समजली नाही. फळी उलटी केली. तुकड्यांचे निरर्थक ढीग. त्याखाली अनुमान लिहिले, आणि ते मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीशी तंतोतंत जुळले. जुळले म्हणून मला समाधान वाटले, हे आज लिहावेसे वाटत नाही. पण लिहितो.

कागद घेऊन मी शेजारच्या खोलीत गेलो. बाईंनी तो वाचला. दुपारची वेळ होती. खिडकीबाहेर कोणीतरी पाण्याचा पंप हापसत होते.

“किती ढीग?” त्यांनी विचारले.

“तीन-चार असावेत, बाई.”

“असावेत?”

मी कागदाकडे पाहिले.

“कशाकशाचे?”

“कशाचेच नाहीत. म्हणजे… निरर्थक.”

“हा शब्द तिने लिहिला की तुम्ही?”

“मी, बाई.”

“घड्याळ बघत होतात?”

“हो.”

“मग तिच्याकडे कोण बघत होतं?”

त्या उठल्या. मला वाटले, आता टेबल साफ झाले असेल, पुन्हा चाचणी घ्यावी लागेल. पण आम्ही खोलीत गेलो तेव्हा मुलगी तशीच बसलेली होती. दाराशी केंद्राची आया कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “बाई, ही हातच लावू देत नाही. मी उचलायला गेले तर मनगट धरलं माझं. नजर बघा की!”

मुलीने दोन्ही हात फळीच्या दोन कडांना ठेवले होते, आणि ती खरोखरच राखण करीत होती.

बाईंनी खुर्ची घेतली नाही. मुलांसाठी एक ठेंगणे स्टूल होते, त्यावर त्या बसल्या. त्यामुळे मुलगी उंच झाली आणि बाई खाली. आणि मग काहीही झाले नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, कारण त्या खोलीत मी प्रथमच घड्याळाकडे पाहिले नाही. गप्प बसणे मी पुष्कळ पाहिले होते. रागाने गप्प बसणारे, संकोचाने गप्प बसणारे, उत्तर येत नाही म्हणून बसणारे. बाईंचे गप्प बसणे यांपैकी कोणतेच नव्हते. त्या मुलीकडे रोखून पाहत नव्हत्या, की दुसरीकडे पाहण्याचे नाटकही करीत नव्हत्या. त्यांची नजर फळीवर होती. भल्या सकाळी माणूस दाराशी उभे राहून आभाळ पाहतो, तसे त्या ते लाकूड पाहत होत्या. हळूहळू माझ्या ध्यानात आले की त्या मोजत आहेत. मग मीही मोजू लागलो.

चार ढीग होते. पहिल्यात एक मोठा तुकडा, एक मध्यम, एक लहान. दुसऱ्यात तसेच. तिसऱ्यात तसेच. मोठे तुकडे तीनच होते. चौथ्या ढिगाला मोठा उरला नव्हता. म्हणून चौथ्यात एका मध्यमाऐवजी तीन मध्यम होते आणि एक लहान. एका मोठ्याच्या बदल्यात दोन मध्यम. तेरापैकी एकही तुकडा उरलेला नव्हता आणि एकाही ढिगावर अन्याय नव्हता.

गणित मला येत होते. पण ते एका मुक्या मुलीच्या हातांनी केलेले, माझ्या नाकासमोर, माझे घड्याळ चालू असताना केलेले मी पाहिले नव्हते.

बाईंनी एक बोट पुढे केले आणि पहिल्या ढिगातला लहान तुकडा सरकवून दुसऱ्यात टाकला. मुलीने वर न पाहता तो उचलला आणि परत पहिल्यात ठेवला. बाईंनी चौथ्यातला एक मध्यम तुकडा उचलून पदराखाली धरला. मुलीने तळहात पुढे केला. बोलली नाही, रडली नाही; तळहात तसाच धरला. बाईंनी तुकडा तिला दिला. तिने तो जागेवर ठेवला आणि बाईंकडे पहिल्यांदा पाहिले. मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा पाहिल्या, घेतल्या आणि दिल्या. पण परीक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे कळेनासे व्हावे, अशी ती एकच.

मग बाईंनी तिसऱ्या ढिगाकडे बोट केले आणि बाजारात विचारतात तसे विचारले, “ताजा आहे का गं?”

मुलीने बाईंकडे पाहिले, ढिगाकडे पाहिले. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“लाकराचा हाय!” ती म्हणाली.

लाकडाचा आहे! एवढ्या मोठ्या बाईला एवढेही कळू नये, याची गंमत तिच्या त्या दोन शब्दांत अशी काठोकाठ भरली होती की दारातली आया फिसकन हसली. पायरीवर उभ्या असलेल्या आईने पदर तोंडात कोंबला. माझा वर्गबंधू याच क्षणी दाराशी आला होता. “काय झालं रे? काय झालं?” असे तो मला विचारीत होता आणि मी मुलीकडे पाहत होतो. त्याने पाहिले ते इतकेच: वाटे लागलेले, मुलगी हसणारी, बाई स्टुलावर. त्याआधीचा जो प्रदीर्घ गप्प वेळ, तो त्याने पाहिलाच नाही. मग त्याच्या लेखात तो यावा तरी कसा?

त्यानंतर त्या दोघी बोलत राहिल्या. मुलीने बाईंना सांगितले की आई बाजारात वाटे लावते, पण वाटे सारखे आहेत की नाहीत ते तीच बघते. आईचा हात चुकतो. शाळेत मुले तिच्या अंगाला वास येतो म्हणून नाक धरतात, तर तिने तोंड धरले. हे तिचेच म्हणणे, मी शब्दांत फक्त शुद्ध केले आहे. फळीची भोके तिला दिसली होती का, असे बाईंनी विचारले. “भोकांन काय ठेवाचा?” ती म्हणाली. फुटक्या पाटावर कोणी माल मांडत नाही, हे तिला ठाऊक होते.

संध्याकाळी मी बाईंना विचारले, “हे वाटे आहेत, हे तुम्हाला खोलीत शिरताच कळलं होतं?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिने पहिला तुकडा परत ठेवला, तेव्हा.”

“मग तोवर तुम्ही काय करत होतात?”

“मोजत होते. दुसरं काय येतं मला?”

मी माझा अहवाल पुढे ओढला. शून्य तसेच राहू दिले, ‘निरर्थक’ तसेच राहू दिले. खाली दुसरे लिहिले: चार ढीग, मूल्याने समान, मोठ्याच्या बदल्यात दोन मध्यम, बुद्धी वयाहून कमी नाही, कदाचित पुढे. तिसऱ्या ओळीत, मध्ये काय पाहिले ते लिहायचे होते. तेथे मी लिहिले: ढीग मोजले. बाईंनी वाचून कागदावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन त्या स्वतः मुख्याध्यापकांकडे गेल्या. चिठ्ठी पाठवून भागले असते, त्या गेल्या. मुलीचे नाव पटावर राहिले.

आता वादाचा मुद्दा. माझा वर्गबंधू म्हणतो की हे ओळखायला मासे खाणारे घर पुरे होते. तो हे द्वेषाने म्हणत नाही. बाईंनी त्या वर्षी त्याला कमी गुण दिले होते, तेही कारण मी पुढे करणार नाही. त्याचा तर्क वरवर बिनतोड दिसतो: ज्याला वाटे ठाऊक, त्याला ते दिसणारच, म्हणून बाईंना दिसले, म्हणून पडवीतले पंधरा दिवस, विशेषणांवरची ती कापाकापी, ते स्टूल, ते गप्प बसणे, सारे बिनकामाचे. या तर्काने तो बाईंची सारी विद्या एका बाजारपिशवीत भरून टाकतो. माझ्या वयाच्या माणसाने अशा गोष्टीवर संतापू नये, असे माझा मुलगा म्हणतो. त्याने संतापू नये. तो त्या खोलीत नव्हता.

या तर्काला उत्तर द्यायला मला शास्त्राचा आधार नको, बाईंच्या कीर्तीचाही नको. एक वस्तुस्थिती पुरे आहे. ती मी आजवर कोठे सांगितली नाही, कारण वर्गात आम्हा चौघांपैकी तिघांच्या घरी मासे चालत नसत, आणि चौथ्याने आपले तोंड मिटून ठेवले होते. ती मुलगी मंगळवारी आली. मासे आमच्या घरी दर रविवारी शिजत, आणि ते आणायचे काम माझे होते. त्या मंगळवारच्या आदल्या रविवारी मुलुंडच्या बाजारात कोळणीपुढे उकिडवा बसून, एकेक वाटा निरखून, त्यातला एक निवडून घरी आणणारा माणूस मीच होतो.